केदारकंठा, ब्रह्मतालसारखा पहिला हिवाळी ट्रेक: कपडे आणि बुटांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी उरकली की आमच्या ट्रेकिंग ग्रुपवर रोज हेच प्रश्न सुरू होतात. विचारणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे, नाशिक-कोल्हापूरचे, सह्याद्री पालथा घातलेले पण बर्फात कधी न चाललेले. म्हणून सगळं एकदाच नीट लिहून ठेवतेय. उदाहरणासाठी उत्तराखंडातला केदारकंठा धरलाय कारण आपल्याकडचे सगळ्यात जास्त लोक पहिल्यांदा तिथेच जातात, पण ब्रह्मताल, दयारा बुग्याल, कुआरी पास यांनाही जवळपास हेच लागू पडतं. लडाखमधला, गोठलेल्या झांस्कर नदीवरून चालायचा चादर ट्रेक यात धरलेला नाही, तिथे रात्री पारा उणे वीसच्याही खाली जातो, त्याची तयारी वेगळी.

तिथे नक्की थंडी किती असते? फोनवर तर सांकरीला ५ अंश दाखवतंय

फोनवर दिसतं ते सांकरीचं, म्हणजे ट्रेक जिथून सुरू होतो त्या गावाचं तापमान. सांकरी आहे साधारण १,९५० मीटरवर आणि केदारकंठ्याचं शिखर ३,८०० मीटरच्या आसपास. उंची हजार मीटर वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे गाव आणि शिखर यात बारा अंशांचा फरक धरून चला. डिसेंबर-जानेवारीत कॅम्पवर रात्री उणे ५ ते उणे १० सहज होतं, हवामान बिघडलं की त्याहूनही खाली.

त्यात वारा वेगळा. उणे ५ ला ताशी ३० किलोमीटरचा वारा असला तर उघड्या कातडीला ते उणे १३ सारखं लागतं. शिखराच्या दिवशी पहाटे तीनच्या सुमारास निघतात आणि वरची धार पूर्ण उघडी आहे, आडोसा नाही, तेव्हा तयारी उणे १५ ची ठेवा. आणि गंमत म्हणजे त्याच दिवशी दुपारी उतरताना कडक ऊन असतं, लोक टीशर्टवर चालत असतात. हा जो चढउतार आहे ना, सगळे कपडे त्याच्यासाठी निवडायचे.

मग सगळ्यात जाड जॅकेट कुठलं घेऊ?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझं उत्तर दरवेळी तेच असतं, की एक जाड जॅकेट घेऊ नका, चार-पाच पातळ थर घ्या. कारण तिथे माणूस गारठतो तो बहुतेक वेळा स्वतःच्या घामानं.

सांकरीहून जुडा का तालाबकडे जाणारा पहिल्या दिवसाचा चढ डोळ्यासमोर आणा. सकाळी गावात हुडहुडी भरलेली असते म्हणून सगळे पफर, म्हणजे फुगीर जॅकेट, त्याच्यावर विंडचीटर, कानटोपी असा सगळा सरंजाम चढवून निघतात, चढ लगेच अंगावर येतो आणि अर्ध्या तासात पाठीवर सॅक टेकते तिथे कपडा पूर्ण भिजलेला असतो. चालताना काही वाटत नाही. पण चहाच्या टपरीशी थांबले की दोन मिनिटांत पाठ गार पडायला लागते, आणि मग दिवसभर तो ओलावा अंगावर घेऊन फिरायचं, कॅम्पवर पोचेपर्यंत सूर्य डोंगराआड गेलेला असतो आणि तोच ओला कपडा घालून तंबूत कुडकुडायचं. जॅकेट महागाचं असलं तरी हेच होणार.

त्यामुळे निघताना थोडं गारठलेलंच निघा. पहिली दहा मिनिटं थंडी वाजली पाहिजे. अंग तापायला लागलं की घाम यायच्या आधी चेन उघडा, टोपी काढा, मग एक थर काढा, आणि थांबलात की लगेच, घाम सुकायची वाट न बघता, पफर वरून चढवा. लीडर ‘पाच मिनिटं ब्रेक’ म्हणाला की पाण्याच्या बाटलीच्या आधी जॅकेटला हात गेला पाहिजे. हे एवढं जमलं तर निम्मी लढाई तिथेच जिंकलात.

थर म्हणजे नक्की काय काय?

अंगाला लागून थर्मल, त्याचं काम घाम शोषून बाहेर ढकलायचं. त्यावर फुल बाह्यांचा पातळ टीशर्ट किंवा पातळ फ्लीस, म्हणजे पॉलिस्टरचं मऊ, लवदार कापड. मग जाडसर फ्लीस. मग पफर, म्हणजे डाउन किंवा सिंथेटिक भरलेलं फुगीर जॅकेट. आणि सगळ्यात बाहेर वारा-पाणी अडवणारं पातळ शेल जॅकेट, हूडवालं. हे सगळं एकदम घालायची वेळ फक्त शिखराच्या पहाटे येते. एरवी चढताना थर्मल आणि टीशर्ट पुरतो, वारा सुटला तर शेल.

एक बघून घ्या, सगळे थर एकावर एक घालून हात वर करा, पुढे वाका. काखेत आवळलं किंवा छातीशी दाबलं गेलं तर बाहेरचं जॅकेट एक साइज मोठं हवं, कारण पफर दाबला गेला की त्यातली हवा जाते आणि ऊब त्या हवेमुळेच असते.

खाली पायांना ट्रेक पँट, शिखराच्या दिवशी तिच्या आत थर्मल आणि वर वॉटरप्रूफ पँट. रोज चालताना खाली थर्मल घालू नका, मांड्यांना घाम येतो आणि चालायलाही जड होतं.

थर्मल साधे कॉटनचे चालतील का? घरी आहेत

नाही. हिवाळ्यात महाबळेश्वरला किंवा दिल्लीला लग्नाला जाताना घालतो ते कॉटनचे इनर घरीच राहू द्या. कॉटन पाणी पितं आणि सोडत नाही, आणि पाणी हवेच्या जवळजवळ पंचवीस पट वेगानं अंगातली उष्णता ओढून घेतं. पॉलिस्टरचा धागा पाणी फारसा धरतच नाही, तो लवकर सुकतो. मेरिनो लोकरीचं थर्मल मिळालं आणि परवडलं तर सगळ्यात उत्तम, ओलं झालं तरी उबदार राहतं आणि चार दिवस घातलं तरी वास मारत नाही.

आणि कॉटन बंद म्हणजे आतलेही कपडे आले. बनियन, अंडरवेअर, आणि मुलींनो, ब्रा सुद्धा. बाकी सगळं महागाचं घेतात आणि आत कॉटनची ब्रा असते, तिची पट्टी दिवसभर ओली राहते आणि छातीला गारवा धरून ठेवते. पॉलिस्टरची स्पोर्ट्स ब्रा घ्या, दोन पुरतात. जीन्सबद्दल तर बोलायलाच नको, ओली जीन्स गोठली की गुडघा वाकत नाही.

आईनं विणलेला लोकरीचा स्वेटर आहे, तो नेऊ का? घोंगडी?

स्वेटर खरी लोकर असेल तर नक्की न्या, फ्लीसच्या जागी तो छान चालतो, फक्त वजन जास्त आणि सुकायला वेळ लागतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओलावा आत घेते तरी हाताला ओली लागत नाही. आपले धनगर बांधव घोंगडं पांघरून भर पावसात मेंढरांमागे फिरतात ते काय उगाच नाही, दख्खनी मेंढीची ती राठ लोकर पाणी पटकन आत येऊ देत नाही आणि भिजली तरी ऊब देते. ट्रेकला मात्र घोंगडी नेऊ नका, सॅक तिनंच भरेल. गाडीत आणि सांकरीच्या मुक्कामात मात्र तिच्यासारखं सुख नाही.

बाजारात ‘वुलन’ म्हणून मिळणारं बरंचसं अ‍ॅक्रिलिक असतं, आतलं लेबल वाचा. हिवाळ्यात आपल्या शहरांत तिबेटी लोकांचे स्वेटरचे स्टॉल लागतात ना, तिथे टोप्या, हातमोजे, मफलर स्वस्तात बरे मिळतात, तिथून जरूर घ्या.

डाउन घेऊ की सिंथेटिक?

डाउन म्हणजे बदक-हंसाची आतली मऊ पिसं. वजनाच्या मानानं त्याच्याइतकं उबदार काही नाही आणि दाबून मुठीएवढं होतं. जॅकेटवर ६००, ७००, ८०० असे आकडे असतात, तो पिसांचा फुगवटा, आकडा मोठा तेवढी कमी वजनात जास्त ऊब. पण ओलं झालं की पिसं चिकटून गोळा होतात आणि ऊब संपली. सिंथेटिक जड आणि जागा खातं, पण ओलं झालं तरी थोडंफार काम करतं आणि धुवायला सोपं.

पुढे दरवर्षी हिमालयात जाणार असाल तर डाउन घ्या. एकदाच जायचं असेल तर सिंथेटिक. दोन्हीपैकी कुठलंही घालून चढ चढायचा नाही, ते थांबल्यावरचं जॅकेट आहे.

वॉटरप्रूफ जॅकेटवर ५,००० मिमी, १०,००० मिमी लिहिलेलं असतं ते काय?

कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला तर ते गळायला लागतं, त्याचा तो आकडा. केदारकंठ्यासारख्या ट्रेकला, जिथे पावसापेक्षा कोरडा बर्फ जास्त, तिथे ५,००० पुरतं, १०,००० असेल तर निर्धास्त. पण आकड्यापेक्षा शिवण बघा. जॅकेट उलटं करून आतून शिवणीवर चकचकीत पट्टी चिकटवलेली आहे का बघा, ती नसेल तर पाणी शिवणीच्या भोकांतून येणारच. काखेत चेन असेल तर फार सोय होते, जॅकेट न काढता वाफ बाहेर जाते.

आपला पावसाळी ट्रेकचा पोंचो इथे नको. वाऱ्यात तो तोंडावर फडफडतो, पायाखालचं दिसत नाही आणि खालून वारा शिरतो.

सॅकसाठी नुसतं रेन कव्हर पुरत नाही कारण पाठीकडची बाजू उघडीच असते. कचऱ्याची मोठी काळी पिशवी सॅकच्या आत घाला आणि सगळे कपडे तिच्यात. हे सगळ्यात स्वस्त वॉटरप्रूफिंग.

बूट कुठले घेऊ? सह्याद्रीतले शूज चालतील का?

पैसे कमी असतील तर जॅकेट भाड्यानं घ्या पण बूट स्वतःचे घ्या. हे मी प्रत्येकाला सांगते.

सह्याद्रीत सगळे वापरतात ते स्वस्तातले कापडी शूज कातळावर पकड छान देतात, राजमाची-हरिश्चंद्रगडाला मीही तसलेच घालते, पण बर्फात त्यांचं कापड तासाभरात ओलं होतं आणि घोट्याला आधार नसतो. बर्फाला घोट्याच्या वर जाणारे, आत वॉटरप्रूफ पडदा असलेले, खोल दात्यांचा सोल असलेले बूट हवेत. सोल मधोमध मुडपून बघा, चपलेसारखा दुमडला तर तो बूट नको.

माप घेताना घाई करू नका. दुकानात संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे फुगतात, चढउतारावरही तसेच फुगतात. ट्रेकला घालणार तेच जाड मोजे बरोबर न्या. नाड्या न बांधता पाय पुढे सरकवून बोटं टोकाला टेकवा, आता टाचेमागे एक बोट आरामात गेलं पाहिजे. मग टाच मागे ठोकून नाड्या बांधा आणि दुकानातल्या उतरत्या फळीवर किंवा जिन्यावरून खाली उतरा. बोटं पुढे आपटली तर साइज लहान. टाच वर उचलली जात असेल तर मोठी, किंवा तो साचा तुमच्या पायाचा नाही, दुसरी कंपनी बघा. आपल्याकडे पुष्कळांचा पाय पुढून रुंद असतो त्यामुळे लांबी बरोबर आणि करंगळी दाबली जातेय असं खूप होतं, अशा वेळी रुंद साचा मागा, एक साइज वाढवून भागवू नका.

घट्ट बूट नुसता दुखतो असं नाही, तो पाय गार करतो. रक्त बोटांपर्यंत पोचत नाही आणि आत हवेला जागा राहत नाही. उणे १० मध्ये बोटं बधिर होतात त्याचं हे मोठं कारण आहे.

बूट ट्रेकच्या निदान महिनाभर आधी घ्या. ऑफिसला घालून जा, पर्वती चढा, सिंहगड करा, सॅकसकट करा. नवे कोरे बूट सांकरीच्या बसमध्ये खोक्यातून काढणाऱ्यांचे हाल दुसऱ्या दिवशी बघवत नाहीत, दोन्ही टाचांना फोड आणि पुढे तीन दिवस चालायचं. आणि जायच्या दोन दिवस आधी नखं कापा, सरळ कापा, उतारावर काळीनिळी होणार नाहीत.

मोजे दोन-दोन घालू का?

दोन जाड मोजे घालून बूट आवळला जाणार असेल तर पाय उलट जास्त गार पडेल. आत पातळ सिंथेटिक मोजा आणि वर लोकरीचा एक, असं चालतं, फोडही कमी येतात, पण बुटाचं माप तसंच घेतलेलं पाहिजे.

चालायला तीन जोड्या आणि झोपायला एक वेगळी, जाड लोकरीची. ही झोपायची जोडी कॅम्पबाहेर कधीच वापरायची नाही, कितीही मोह झाला तरी. मोजे ओले झाले तर दुपारच्या ब्रेकला बदला, आळस करू नका. डोंगराकडच्या गावांत बायका हातानं विणलेले मोजे विकतात, रात्रीसाठी त्यांच्यासारखे दुसरे नाहीत, घ्याच.

गेटर आणि मायक्रोस्पाइक विकत घ्यायचे का?

नको, बहुतेक आयोजक देतात, आधी विचारून ठेवा. गेटर म्हणजे पोटरीला बांधायचं कव्हर, बर्फ वरून बुटात पडू देत नाही. मायक्रोस्पाइक म्हणजे बुटावर चढवायच्या रबराला लावलेल्या साखळ्या आणि टोकं, कडक झालेल्या बर्फावर घसरू नये म्हणून. एकच सांगते, दोन्ही चढवायची प्रॅक्टिस आदल्या दिवशी उजेडात करा. पहाटे अडीचला हेडटॉर्चच्या उजेडात, गारठलेल्या बोटांनी, पहिल्यांदा गेटरचा हूक शोधत बसणं फार जिवावर येतं.

हातमोजे, टोपी, गॉगल?

हातमोजे दोन थरांचे, आत पातळ फ्लीसचे आणि बाहेर वॉटरप्रूफ. फोटो काढायला बाहेरचे काढायचे, आतले नाहीत. ज्यांचे हात लवकर गार पडतात त्यांनी बाहेरचे मिटन घ्यावेत, चारही बोटं एकाच कप्प्यात असली की एकमेकांना ऊब देतात.

डोक्यातून शरीराची निम्मी उष्णता जाते असं सगळीकडे सांगतात ते खरं नाही, डोक्यातून जाते ती त्याच्या आकाराच्या प्रमाणात. तरीही टोपी लागतेच, कारण कान, नाक आणि कपाळ वाऱ्यात सगळ्यात आधी दुखतात. कान झाकणारी टोपी आणि मानेला एक बफ, म्हणजे नळीसारखा गळपट्टा. माकडटोपी तर झोपताना एक नंबर.

गॉगल फॅशनसाठी नाही हो, तो औषधासारखा सांभाळा. ताजा बर्फ अतिनील किरणं ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, उघड्या डोळ्यांनी दिवसभर चाललात तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते, पाणी थांबत नाही, काही काळ दिसेनासंही होतं. सनस्क्रीन नाकपुड्यांखाली आणि हनुवटीखालीही लावा, ऊन खालूनही येतं.

रात्री तंबूत झोपच लागत नाही म्हणतात, काय करायचं?

कॅम्पवर पोचल्यावर पहिलं काम म्हणजे ओले कपडे उतरवून कोरडा जोड घालायचा. दमलेले असता, चहा-भजी समोर येतात, सगळे गप्पांत बसतात आणि हे राहून जातं. आधी कपडे, मग चहा.

झोपायचा थर्मलचा जोड वेगळा ठेवा. स्लीपिंग बॅगवर दोन तापमानं लिहिलेली असतात, कम्फर्ट आणि लिमिट, त्यातलं कम्फर्टवालं धरा. खालची मॅट नीट हवी कारण पाठीखाली दबलेली बॅग ऊब देत नाही, जमीन खालून गारवा ओढत राहते. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, झाकण दोनदा तपासून, मोज्यात गुंडाळून पायाशी ठेवा. सकाळी तेच प्यायला. फोन, पॉवरबँक, हेडटॉर्चचे सेल पण बॅगच्या आत, थंडीनं बॅटरी बघता बघता उतरते. तोंड मात्र बॅगेबाहेर ठेवा, आत श्वास सोडत राहिलात तर वाफेनं बॅग ओली होते.

रात्री उठायला लागू नये म्हणून पुष्कळजणी संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. असं करू नका. पाणी कमी पडलं की थंडी जास्त बाधते आणि उंचीचा त्रासही वाढतो. लघवीला लागली तर उठून जाऊन या, तुंबवून पडून राहिलात तर झोप तशीही येणार नाही. जेवणात तूप, गूळ, दाणे भरपूर, भूक नसली तरी.

आणि हे ठळक लक्षात ठेवा: तंबूत शेगडी, कोळसा, स्टोव्ह काहीही पेटवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

बूट ओले झाले तर शेकोटीशी सुकवू का?

नाही. सोलचा गोंद सुटतो आणि मधल्या वाटेत सोल हातात येतो. आतला सुटा तळवा बाहेर काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभरानं बदला. रात्री बूट पिशवीत घालून तंबूच्या आत, जमलं तर स्लीपिंग बॅगच्या पायाशी ठेवा, बाहेर ठेवलेले सकाळी दगड झालेले असतात. तरी ओले राहिलेच तर कोरड्या मोज्यावर प्लॅस्टिकची पिशवी आणि मग बूट, दिसायला कसंही दिसो, त्या दिवसापुरतं काम भागतं.

सगळं विकत घेणं परवडत नाही. काय भाड्यानं चालेल?

पफर, वॉटरप्रूफ पँट, काठ्या, बाहेरचे हातमोजे हे सगळं सांकरीत भाड्यानं मिळतं. सीझनला, म्हणजे नाताळ ते नव्या वर्षाच्या गर्दीत, तुमच्या मापाचं शिल्लक असेल याची खात्री नसते म्हणून आयोजकांकडे आधी नोंदवून ठेवा. हातात आल्यावर सगळ्या चेन चालवून बघा आणि जॅकेट अंगात घालून बघा. थर्मल, मोजे आणि बूट स्वतःचेच. ओळखीत कोणी जाऊन आलं असेल तर त्याचं जॅकेट मागायला अजिबात लाजू नका, वर्षातले एक्कावन्न आठवडे ते कपाटातच असतं.

आईबाबा साठीचे आहेत, मुलगा दहा वर्षांचा आहे, त्यांच्यासाठी वेगळं काही?

मुलं पटकन गार पडतात आणि सांगत नाहीत, खेळत राहतात. दर तासाला हातमोजा काढून बोटं बघा, मानेमागे हात घालून कपडा ओला आहे का बघा. हातमोजे दोरीनं बाह्यांना बांधा, नाहीतर एक हरवणारच. मोठ्या माणसांना ‘मला काही होत नाही’ म्हणायची सवय असते, आईला विचारू नका, थेट टोपी चढवा. मधुमेह असेल तर पायांची संवेदना कमी असू शकते, फोड आलेला किंवा बोट बधिर झालेलं कळत नाही, म्हणून रोज संध्याकाळी मोजे काढून पाय बघायचे. डॉक्टरांना विचारूनच निघायचं हे तर आहेच.

थंडी बाधलीय हे कसं ओळखायचं?

कुडकुडणं म्हणजे शरीर अजून लढतंय, तेव्हाच थर चढवा, गोड गरम प्या, चाला. त्यापुढे माणूस अडखळायला लागतो, बोलणं जड होतं, चेन लावता येत नाही, चिडतो किंवा एकदम गप्प होतो. ‘मी ठीक आहे, मला बसू द्या’ असं कोणी म्हणालं तर त्यावर मुळीच विश्वास ठेवू नका, त्याच क्षणी लीडरला हाक मारा. कुडकुडणं थांबलं पण माणूस सुस्त आहे, तर परिस्थिती गंभीर झालेली असते. शरीराचं तापमान ३५ अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया. अशा माणसाला आडोशाला न्या, ओले कपडे काढा, कोरडे घाला, स्लीपिंग बॅगमध्ये घाला, पोटाशी आणि काखेत गरम बाटल्या, कातडीला थेट नाही, कपड्यात गुंडाळून. हातपाय चोळू नका, उचलताना हलवताना जपून, आणि खाली न्यायची सोय लगेच सुरू करा.

बोटं किंवा नाकाचा शेंडा पांढरा पडला, बधिर झाला, कडक लागला तर तो हिमदंश असू शकतो. त्याला बर्फ चोळायचा ही जुनी समजूत आहे, त्यानं आणखी नुकसान होतं. शेकोटीशीही धरायचं नाही कारण भाजलं तरी कळत नाही. वाटेत पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर ऊब देऊन सोडवण्यापेक्षा झाकून खाली नेणं बरं.

थोडी ब्रँडी घेतली तर ऊब येते ना?

येते असं वाटतं. कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम लागतं आणि आतली उष्णता बाहेर जाते. वर उंचीवर श्वास आणि झोप दोन्ही बिघडतात. ट्रेक संपवून घरी आल्यावर काय ते.

परत आल्यावर कपडे-बूट कसे ठेवायचे?

डाउन जॅकेट आणि स्लीपिंग बॅग दाबून पिशवीत ठेवू नका, मोकळी टांगा, नाहीतर पिसांचा फुगवटा कायमचा जातो. शेल जॅकेटवर पाण्याचे थेंब घरंगळेनासे झाले, कापड ओलं दिसायला लागलं, तर ते सौम्य साबणानं धुवून वॉटरप्रूफिंगचा स्प्रे मारा, फॅब्रिक सॉफ्टनर कधीच नको.

बुटांचं जरा सविस्तर सांगते कारण आपल्या दमट हवेत हे फार होतं. पुष्कळ ट्रेकिंग बुटांचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतल्या ओलाव्यानं तो हळूहळू आतून विरत जातो. वरून बूट नवाकोरा दिसतो, चारपाच वर्षं खोक्यात पडलेला असतो, आणि ट्रेकच्या पहिल्याच दिवशी सोल भुसभुशीत होऊन गळून पडतो. कोकणात, मुंबईत, गोव्यात राहणाऱ्यांनी तर खास जपावं. बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकू नका, हवेशीर ठेवा, महिन्या-दोन महिन्यांनी घालून फिरून या. जुने बूट नेणार असाल तर निघायच्या महिनाभर आधी अंगठ्यानं मधला थर दाबून बघा, भेगा दिसल्या किंवा चुरा हाताला लागला तर नवे घ्या. आणि सॅकमध्ये रुंद चिकटपट्टी आणि थोडी मजबूत सुतळी असू द्या, ग्रुपमध्ये कोणाचा तरी सोल निघतोच.